उजव्या चाकाची झीज

माझे डावे चाक अजून एकसारखे आहे. उजव्याची बाहेरची कड मात्र आतल्या कडेपेक्षा तीन मिलिमीटरने झिजली आहे. एवढ्याशा फरकाने मी चालताना किंचित कलते.

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासी बॅग आहे. बारा वर्षांपूर्वी कारखान्यात माझे कवच साच्यात दाबले गेले आणि तपासनिसाने मला चार वेळा जमिनीवर आपटून पास केले. याहून मोठी परीक्षा पुढे नसेल, असे तेव्हा मला वाटले होते.

एका नव्या जोडप्याने मला विकत घेतले. तो लिफ्ट दुरुस्त करतो, ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. चिठ्ठी आणि तारीख चिकटवल्याशिवाय ती घरातली बरणीसुद्धा कपाटात ठेवत नाही. माझ्या झाकणाच्या आतही ती प्रत्येक वेळी पांढरी पट्टी लावू लागली: कुठे, कधी. पहिल्या पट्टीवर समुद्र होता. "केवढं मावतं हिच्यात!" असे कौतुक मी तेव्हा ऐकले. दुसऱ्या पट्टीवर डोंगर. एरवी माझा मुक्काम कपाटावर, पोटात जुन्या चादरी.

नऊ दिवसांपूर्वी तो एक नवीकोरी लाल बॅग घेऊन आला. एका हॉटेलची लिफ्ट दुरुस्त करून निघताना एका रिसॉर्टच्या विक्रेत्यांनी त्याला खालच्या सभागृहात चहाला बोलावले होते. तो बसला, ऐकत राहिला आणि सही करून उठला. पंचवीस वर्षे, दरवर्षी एक आठवडा, रिसॉर्टमधली खोली. बॅग फुकट. खोलीची किंमत मात्र जवळजवळ तेवढीच, जेवढी रक्कम त्याच्या आईच्या, म्हणजे घरातल्या आजींच्या, दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवली होती. देखभालीचा वार्षिक खर्च वेगळाच. दहा दिवसांत सही मागे घेता येईल, असे कागदावर बारीक अक्षरांत होते.

"त्यांनी तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं," ती म्हणाली, "आणि लिफ्टवाला असून तुला खाली उतरता आलं नाही!"

"अगं, पैसे भरले की जावंच लागतं. नाहीतर आपण कधी जाणार, सांग?"

त्यात तथ्य होते.

"माझे गुडघे थांबतील रे," आजी आतून म्हणाल्या. "पण पंचवीस वर्षांनी मी शंभरीची. मला खिडकीजवळचा पलंग हवा."

कोणी हसले नाही. रोज जेवताना विषय निघे आणि "उद्या बघू" म्हणून ताटांबरोबर उचलला जाई.

आज दहावा दिवस. रिसॉर्टचे कार्यालय सहाला बंद होणार होते. पाच वाजता त्याने मला खाली उतरवले. दोन बॅगा ठेवायला जागा नव्हती, मला भंगारात द्यायचे होते. मला वाईट वाटले, पण लाल बॅगेचा राग आला नाही. तिने अजून काहीच पाहिले नव्हते.

चादरी काढताना त्याची नजर झाकणावर गेली.

"इथं तर सात पट्ट्या आहेत. बघ, मी त्या विक्रेत्यांना सांगितलं ते खरंच होतं. आपण जातोच की कुठं ना कुठं!"

"वाच," ती दारातून म्हणाली.

त्याने वाचले. समुद्र. डोंगर. मग "आई, वॉर्ड तीन." "आई, वॉर्ड तीन." "आई, वॉर्ड सात." पुढच्या दोनही तशाच. तो खाली बसला आणि माझे उजवे चाक बोटाने फिरवू लागला. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात तो मला एका हाताने ओढायचा. दुसरा हात आजींच्या कोपराखाली असायचा, म्हणून माझा सगळा भार एकाच चाकावर यायचा.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, पण आम्ही कुठे झिजलो ते पाहता येते. नवी वस्तू घेण्याआधी जुनी एकदा उघडून, उलटी करून पाहा. तुम्ही खरोखर कसे जगलात, ते तिथे असते.

साडेपाच झाले होते. आतून आजींच्या काठीचा आवाज आला: एक पाऊल, थांबा, एक पाऊल. त्याने फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात बराच वेळ बोलत राहिला. त्याने ऐकून घेतले. त्याची बोटे अजून माझ्या चाकावरच होती.

"नाही साहेब," तो म्हणाला, "माझी सही रद्द करा. लाल बॅग उद्या आणून देतो. माझ्या आईचे गुडघे आता थांबणार नाहीत."