फडक्याखालचा कंदील

माझे मालक चांदसाब समुद्रातल्या बेटावर दीपगृहाचा दिवा लावायचे. आधी तितं तेलाच्या वाती हुत्या, मग पंपाची बत्ती आली. यंदा गॅसचा दिवा बसला. तो अंधार पडला की आपला आपण पेटतो, उजाडलं की विझतो. मग यांना सोलापूरला घरी धाडलं.

आल्यापासून रोज सकाळी आमच्या कंदिलावर फडकं टाकतात.

"ह्यो काय येडेपणा?" मी खेकसले.

"तितल्या भिंगावर ऊन पडलं तर आग लागती. दिवसा झाकावंच लागायचं. सवय हाय." मग हळूच म्हणाले, "आता त्या दिव्याला मी नको, सुगरा."

संध्याकाळी काडेपेटी त्यांच्या हातात कोंबली. "मला न्हाय जमत. तुमीच लावा."

ते बेटावर हुते तवर हा कंदील रोज मीच लावत हुते.