नानांची हमी

“तू फक्त हो म्हण, नाहीतर नाही म्हण. बाकी मी पाहून घेतो,” नाना म्हणाले.

उल्का मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा सोलत होती. मान वर न करता ती सोलतच राहिली. नाना म्हणजे रत्नाकर देशकर, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. दर रविवारी सकाळी ते गुढियारीहून स्कूटरवर तिच्याकडे येत, येताना अंगणातल्या झाडाच्या शेंगा आणत. वय छप्पन्न. सिलतऱ्याच्या एका रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं ते धरमकाट्यावर होते, म्हणजे ट्रक आत येताना तोलायचा, बाहेर जाताना तोलायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायची. हे काय, कोणीही करेल असं ज्याला वाटतं त्यानं एक दिवस करून पाहावं. क्लीनर केबिनमध्ये दडून बसतो, ड्रायव्हर मागचं चाक हळूच काट्याच्या बाहेर ठेवतो आणि वर साळसूदपणे विचारतो, “भैया, कितना आया?” नानांच्या काट्यावर ही चलाखी कधी कोणाची चालली नव्हती.

“माझा जुना दोस्त गंगाधर मागं लागला आहे,” नाना सांगत होते. “उरल्याच्या पाइप फॅक्टरीत काट्यावर माणूस पाहिजे त्यायले. वयाच्या बासष्टपर्यंत ठेवतो म्हणते. बुधवारपर्यंत जबाब दे म्हणते.”

“मग?”

“मग काय? मी काहून जाऊ? पण मिलमध्ये लोकं कुजबूज करून राहिले. कोणी म्हणते मालक विकून राहिला. तुमच्या ऑफिसात तर सगळ्या दुनियेची खबर असते. आपली मिल ठीक आहे ना, एवढंच सांग मले.”

उल्काच्या हातातली शेंग मोडली.

मिल ठीक नव्हती. मिल विकली जाणार होती, आणि विकत घेणाऱ्यांनी तिचे हिशेब तपासायचं काम उल्काच्याच सीए फर्मला दिलं होतं. सौदा होईपर्यंत कुठे वाच्यता होता कामा नये, अशी अट होती. गेल्या मंगळवारी तिच्या टेबलावर एक यादी आली. नवे मालक भट्टीवरची माणसं ठेवणार होते आणि ऑफिसातली, काट्यावरची काढणार होते. काढायच्या माणसांत सत्तेचाळिसाव्या ओळीत नानांचं नाव होतं, नोकरीला लागल्याच्या तारखेसकट.

यादी घेऊन ती सरळ अनंतरावांच्या केबिनमध्ये गेली होती. फर्म अनंतरावांची. उल्काची आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, त्यांच्याच हाताखाली झाली, बोलणीही त्यांचीच खाऊन झाली.

“सर, हे माझे काका आहेत.”

अनंतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “सख्खे?”

“वडिलांच्या जागी आहेत.”

ही नुसती बोलायची पद्धत नव्हती. वडील गेले तेव्हा उल्का सोळा वर्षांची होती, आई आधीच गेलेली. नानांना मूलबाळ नव्हतं. ते आणि मीराकाकू तिला आपल्या घरी घेऊन आले, ते लेक म्हणूनच. पुढे सीएच्या फायनलला ती दोनदा नापास झाली. मोहल्ल्यातले शहाणे म्हणाले, पोट्टीचं लग्न करून मोकळे व्हा. नाना म्हणाले, “काट्यावर ट्रक नीट उभा नाही राहिला तर आम्ही पुन्हा लावायले सांगतो. माल फेकून नाही देत.” तिसऱ्या खेपेला ती पास झाली तेव्हा नानांनी मिलच्या गेटवर प्रत्येक ड्रायव्हरला पेढा दिला होता.

अनंतरावांनी यादी तिच्या हातून काढून घेतली. “या कामातून तू बाहेर. हे मी स्वतः पाहतो. नातं आहे असं कागदावर लिहून दे.” मग जरा थांबून म्हणाले, “पण बेटा, वाचलेलं काही पुसता येत नाही. ते आता तुलाच सांभाळायचं आहे. बेरीज-वजाबाकी तर मशीनही करते. लोक आपल्याला फी कशाची देतात, माहीत आहे ना?”

तिला माहीत होतं. गोपनीयतेवर पुस्तकात एक अख्खा धडा होता. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा आणि उल्का तो कधी चुकली नव्हती. पण त्या प्रश्नात कधी कोणाचा काका नव्हता.

“बोल ना,” नाना म्हणाले.

काय बोलणार? जा म्हटलं तर ते सांगितल्यासारखंच होतं. मला बोलता येणार नाही म्हटलं, तरी नाना काय ते ओळखणार. आणि नाना एकटे उठून जाणाऱ्यांतले नव्हते. काट्यावरच्या जोडीदाराला, बुद्धभूषणला, ते आधी सांगणार, तो त्याच्या मेव्हण्याला सांगणार, आणि सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या सिलतऱ्यात बोभाटा होणार. हा सगळा विचार उल्कानं केला. पण खरं तर आतून तिला एवढंच वाटत होतं, की नानांचा हात धरावा आणि त्यांना गंगाधरच्या दारात नेऊन उभं करावं.

“नाना, हे तुमचं तुम्ही ठरवा,” ती म्हणाली.

नानांचा चेहरा खुलला. “बस. समजलं मले.”

“काय समजलं?”

“काही वाईट असतं तर तू मले बसू दिलं असतं काय? दुधाले जरासा वास आला तरी घर डोक्यावर घेते तू.” ते हसले. “सांगून टाकतो गंगाधरले, नाही म्हणून. हातचं सोडून पळत्याच्या मागं कोण जाते?”

उल्कानं तोंड उघडलं होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता. तो तिनं गिळला, सिंककडे वळली आणि शेंगा धुवायला नळ सोडला.

दीड महिन्यानं मिलच्या गेटवर तीच यादी लागली. उरल्याच्या फॅक्टरीतली जागा तोवर भरली होती.

त्या रविवारी नाना आले नाहीत. उल्काच गुढियारीला गेली. नाना अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिला बस म्हटलं, पाणी विचारलं, आणि मग साध्या आवाजात म्हणाले, “तुले माहीत होतं काय?”

“हो.”

“मी विचारलं तेव्हा?”

“हो, नाना.”

मीराकाकू दारात उभ्या होत्या. “आणि तू यायले जा म्हटलं नाही?” त्यांनी विचारलं. “घरच्या माणसाले?”

“मीरा, तू थांब,” नाना म्हणाले. मग उल्काकडे पाहून म्हणाले, “सांगितलं असतं तर नोकरी गेली असती काय तुझी?”

उल्का रडत होती. “नोकरीचं नाही, नाना. नोकरी गेली असती तरी चाललं असतं.”

“मग?”

त्या ‘मग’चं पुस्तकातलं उत्तर तिला तोंडपाठ होतं. पण छप्पन्नाव्या वर्षी बेकार झालेल्या माणसापुढे, ज्याच्या भाकरीवर आपण शिकलो त्याच्याच अंगणात, ते म्हणायची तिला लाज वाटली. शेवटी नानांनीच मान हलवली आणि म्हणाले, “चल, चहा घे.”

त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं उल्काला पुष्कळदा वाटे. फोन केला की नाना बोलत. “कशी आहे? ठीक? आम्हीही ठीक.” रविवार मात्र रिकामे जाऊ लागले. फिरत फिरत कानावर आलं, की नानांना बीरगांवच्या एका राइस मिलमध्ये काम मिळालं आहे. काट्यावर नाही, तिथं कॉम्प्युटरवाली पोरं बसतात. बँकेत जायचं, कागद पोचवायचे, शेठसोबत फिरायचं, असं वरकाम.

धानाचा हंगाम ऐन भरात होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी उल्काच्या केबिनचं दार ढकलून एक जाडसर गृहस्थ आत आले. त्यांच्या मागून त्यांची बॅग घेऊन नाना.

उल्का ताडकन उभी राहिली.

“मैडम, नमस्ते,” शेठ खुर्चीत बसत म्हणाले. “रत्नाकरजी दो महीने से कह रहे हैं, काम हमारी बेटी को दो. बात ऐसी है कि भाइयों में बँटवारा होना है. मिल किसके पास जाएगी, अभी किसी को पता नहीं. मज़दूरों को तो बिलकुल नहीं. एक शब्द बाहर नहीं जाना चाहिए.”

“शेठजी, आप बेफिकर रहो,” नाना म्हणाले. “इसके पास रखी बात कहीं नहीं जाती. घरवालों के पास भी नहीं. इसकी गारंटी मैं देता हूँ.”

उल्कानं त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर तिला कुठेतरी हलकं वाटलं असतं. पण तो नव्हता. तिच्या निकालाच्या दिवशी जसा अभिमानानं त्यांचा आवाज भरून आला होता, तसाच तो आताही होता, आणि तेच तिला सोसवेना.

शेठशेजारची खुर्ची रिकामी होती. “नाना, बसा ना,” ती म्हणाली.

“नाही बेटा. शेठ आहेत.”

शेठनं घसा खाकरला आणि नानांकडे पाहिलं. काही सांगायची वेळच आली नाही. नानांनी बॅग त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, बाहेर गेले आणि आतलं बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून जाताना दार घट्ट लावून घेतलं.