गुणाची जागा

अनसूयाबाई नेमक्या त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसल्या आणि वाडीतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

बाईंची तरी काय चूक? नवरा सत्तावन्न साली आमदार झालेला. त्याने फर्मावलं, वैशाखऱ्याजवळच्या वाडीवर जा, बायकांना हळदकुंकू लाव, माझा नमस्कार सांग. या आल्या. भर दुपारी बायका ओळीने बसलेल्या, मधे एका माणसापुरती जागा आणि तिथे पाण्याने भरलेला द्रोण. पाहुणीसाठीच ठेवलीय, असं कुणालाही वाटलं असतं. द्रोण बाजूला सारून त्या बसल्या. सगळं अंगण तापलं होतं, पण तेवढी जमीन मात्र गारढोण होती.

"ती माज्या गुनाची जागा हाय, बाय," म्हातारी ठकू म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. चार महिन्यांमागे तिची लेक गुणा कोळशाच्या भट्टीत पडली. भट्टीवाला कुंडलिकशेठ म्हणाला, पळून गेली. हाडं हाती नाहीत, त्यामुळे दिवसही करता आले नव्हते. जिचे दिवस झाले नाहीत तिची जागा ओळीत सोडायची, ही वाडीची रीत. तिथे जी बसेल, तिने मेलेलीचं बोलणं बोलायचं.

"आमच्यातलं कोन बसत नाय," ठकू म्हणाली. "पोरींना त्याच भट्टीवर जायाचं हाय."

कुंडलिकशेठ! निवडणुकीत नवरा त्याच्याच जीपमधून फिरला होता, आणि बाईही आज त्याच जीपने आल्या होत्या. त्या घाईने उठू लागल्या, तर पदर दबलेला. मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुरबाडला आमदारांचा सत्कार होता. शेजारच्या खुर्चीत कुंडलिकशेठ, हार घालून. बाईंनी आभाराचे दोन शब्द बोलायचे, एवढंच ठरलेलं. त्या उभ्या राहिल्या आणि तोंडात राख आल्यासारखी चव आली.

"गुणा पळून गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "कुंडलिकशेठच्या भट्टीत जळाली. ती भट्टी खणा."

आवाज बाईंचाच होता. पण एवढ्या मोठ्याने त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. खाली बस, असं नवरा दातांतल्या दातांत म्हणाला. बाईंनी ठकूचं सगळं म्हणणं सांगितलं, मगच बसल्या.

एवढ्या माणसांत बोललेलं दाबणार कसं? भट्टी खणली. राखेत गुणाच्या हातातलं पितळेचं कडं निघालं, आणखी काही निघालं. ठकूने लेकीचे दिवस केले. बाई त्यासाठी एस्टीने गेल्या. शेठची जीप आता त्यांच्यासाठी येत नव्हती. त्या दिवशी ओळीतल्या बायका एकमेकींना खेटून बसल्या. मधे जागा उरली नव्हती.

शहापूरला घरी परतल्या तेव्हा बायकांची पंगत बसली होती. सभेपासून घरात त्यांच्याशी कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. सासूबाई, जावा, नणंदा खाली माना घालून जेवत होत्या. मधे बाईंचा पाट मांडलेला, समोर ताट नाही, नुसतं पाण्याने भरलेलं भांडं. दार वाजलं तरी एकीनेही वर पाहिलं नाही.

बाई क्षणभर उंबऱ्यात थबकल्या. मग हातपाय धुऊन आल्या, भांडं बाजूला सारलं आणि आपल्या पाटावर बसल्या.

"मला वाढा," त्या म्हणाल्या.