वत्सलाबाईंनी शोधलेली वाट

बेटावरची आगगाडी बंद झाली, पण क्वात्र बॉर्न गावच्या वत्सलाबाईंचं रविवारी बसनं जाऊन डोंगर हिंडणं काही बंद झालं नाही. नवरा मात्र एकदाही सोबत यायचा नाही. या खेपेला त्यांनी शमें ग्रेनिए गावाची बस निवडली आणि सासूला सोबत घेतलं.

"ही वाट मी शोधलीय, आई. कुणाला ठाऊकसुद्धा नाही!"

डोंगराच्या पायथ्याशी त्या नकाशा उलगडेपर्यंत म्हातारी चपला हातात घेऊन चढायलाही लागली. वर एका काळ्या दगडाला तिनं पदराच्या गाठीतलं कुंकू लावलं.

"गाईचं गवत कापाया रोज येत होते मी हितं. तुझा नवरा ह्याच दगडाआड जल्मला. मग पोर पोटाशी बांधलं नि भारा डोक्यावर घेतला."

वत्सलाबाईंनी नकाशाची घडी घातली.

"त्यांना... ठाऊक आहे हे?"

"तर! म्हणतो, आईनं भारे वाहिले तिथं मजेला कसं हिंडू? उगाच का तो डोंगराला येत नाही?"