मी कटकट्या, थीमचा तपासनीस

मित्रांनो, मी एक जुना तपासनीस आहे. मला टेबल नाही, खुर्ची नाही. मी एका प्रोग्रॅमच्या पोटात राहतो. हा प्रोग्रॅम साधा मजकूर घेतो आणि त्याची नीटनेटकी पुस्तिका करून देतो. अक्षर केवढं, रंग कोणता, समास किती, असा पुस्तिकेचा सगळा पोशाख जी ठरवते तिला थीम म्हणतात. काही थीम प्रोग्रॅमबरोबर आलेल्या, म्हणजे घरच्या. काही लोकांनी हौसेनं बनवलेल्या. प्रत्येक थीमला ठरावीक सेटिंगच कळतात. कुणी न कळणारी सेटिंग दिली, किंवा आकड्याच्या जागी भलतंच काही भरलं, की मी काम थांबवतो आणि चूक दाखवतो.

मला लिहिणारे प्रोग्रॅमर आजोबा आता निवृत्त झालेत. ते म्हणायचे, "न कळलेली सेटिंग थीम मुकाट्यानं सोडून देते. माणसाला वाटतं, आपण सांगितलं म्हणजे झालं. तेव्हा तू गप्प बसायचं नाहीस, बाबा."

मी कधीच गप्प बसलो नाही. आमच्या ऑफिसात आजारी माणसांच्या यंत्रांच्या पुस्तिका तयार होतात. मजकूर ताई लिहितात. पूर्वी मी काही पकडलं की त्या म्हणायच्या, "बरं झालं बाई, हा आहे." माझं कटकट्या हे नावही त्यांनीच लाडानं ठेवलं. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

मग नवे डिझायनरदादा आले. हात चांगला, डोकं जरा गरम. ऑक्सिजनच्या यंत्राच्या पुस्तिकेसाठी त्यांनी स्वतःची थीम बनवली. दिसायला देखणी, मीही नावं ठेवणार नाही. पण त्यातला आगीचा इशारा ठळक दिसावा म्हणून ताईंनी 'इशाऱ्याचं अक्षर' या सेटिंगमध्ये मोठा अंक दिला होता. ती घरच्या थीमला कळायची, दादांच्या थीमला तिचा पत्ताच नव्हता. मी लगेच आडवा आलो.

"झाली याची कटकट सुरू," दादा म्हणाले. मी काय सांगतोय ते त्यांनी वाचलंच नाही. बटण दाबून तपासणी सरळ बंद केली. पुस्तिका झरझर तयार झाली, सगळ्यांनी वा वा केली. मी आपला कोपऱ्यात, तोंडाला कुलूप लावून. फार वाईट वाटलं मित्रांनो. रुसलोसुद्धा.

त्याच आठवड्यात ताईंच्या बाबांना घरी ऑक्सिजनचं यंत्र लागलं. बाबांची रोजची सवय अशी, की सकाळी स्वयंपाकघरात शेगडीशेजारी खुर्ची टाकून आईंशी गप्पा मारायच्या. आता नाकात नळी असतानाही ते तिथेच बसायचे. ऑक्सिजनजवळ आग म्हणजे जिवाशी खेळ. ताईंनी परोपरीनं सांगितलं, पण बाबांचं एकच. "तुझं आपलं काहीतरी असतं. छापलेलं असेल तर दाखव." आयुष्यभर लेकीपेक्षा छापील अक्षरावर त्यांचा विश्वास जास्त.

म्हणून ताईंनी नव्या पुस्तिकेची कच्ची प्रत नेली. बाबांनी ती जवळ धरली, लांब धरली, खिडकीशी नेली आणि परत दिली. "यात तर नुसत्या मुंग्या दिसतायत," म्हणाले आणि पुन्हा शेगडीशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात आल्या त्या रडवेल्या होऊन.

"दादा, मी इशारा मोठ्या अक्षरात मागितला होता ना? मग हा एवढासा का?"

दादांनी सेटिंग पाहिली. ती जागेवर होती. अंकही बरोबर. त्यांनी डोकं खाजवलं, घोटभर पाणी घेतलं, शेवटी नाइलाजानं मला चालू केलं. मी क्षणभरही भाव खाल्ला नाही. म्हणालो, 'इशाऱ्याचं अक्षर ही सेटिंग या थीमला माहीत नाही.'

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी छापखान्यात फोन लावला. "थांबवा, ऑक्सिजनची पुस्तिका छापू नका."

पलीकडून मशीनवाले काका शांतपणे म्हणाले, "कागद लावलाय, अजून सुरू केलं नाही. करा तुमचं निवांत."

दादा मटकन खुर्चीत बसले. ताईंनी पदरानं डोळे पुसले. आणि मला, जो श्वासच घेत नाही त्याला, जिवात जीव येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

दादांनी आपल्या थीमला ती सेटिंग शिकवली. घाईत अंकाच्या जागी 'भरपूर' असं लिहिलं. मी पुन्हा आडवा आलो. "अरे, आता काय?" म्हणत त्यांनी या वेळी मात्र वाचलं, आणि हसू लागले. अंक भरला. मी वाट मोकळी केली.

नवी प्रत घेऊन ताई त्याच संध्याकाळी माहेरी गेल्या. काय झालं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगितलं. बाबांनी चष्मा न लावता सगळा इशारा मोठ्यानं वाचला. मग उठून खुर्ची स्वतःच ओढत बाहेरच्या खोलीत नेली आणि तिथून आईंना हाक मारली, "अगं, इथून बोललो तर ऐकू येतं ना तुला?"

मित्रांनो, अडवणाऱ्यावर खुशाल रागवा. कटकट्या म्हणा, मला चालतं. फक्त गप्प करण्याआधी तो काय म्हणतोय ते एकदा वाचा. माझ्या बटणाशेजारी दादांनी आता एक ओळ लिहून ठेवली आहे: 'हे बंद करायचं असेल तर आधी ताईंच्या बाबांना विचारा.'