घरी जाताना लावायचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. एका संशोधन संस्थेच्या अंगणात भिंतीला टेकून उभा असतो. सहलीला आलेली मुले माझा गोल आकार पाहून म्हणतात, "हे टाकीचं झाकण दिसतंय." राग येतो, पण मुलांवर काय रागवायचे! मी झाकण नव्हे. समुद्राच्या तळाशी माणसांचे एक घर होते, त्या घराचा मी दरवाजा होतो.

माझा जन्म गोदीतला. वेल्डरने माझी कड घासून इतकी गुळगुळीत केली की तिच्यावरून बोट फिरवताना तो स्वतःशीच हसला. चौकटीच्या खाचेत काळ्या रबराचे जाड कडे बसवले, आणि क्रेनने ते सगळे बिऱ्हाड एके दिवशी पाण्यात सोडले.

घर तसे बेताचेच होते. पुढे ओली खोली, मागे कोरडी खोली आणि मधे मी. ओल्या खोलीच्या जमिनीला विहिरीसारखे तोंड होते आणि तिथे समुद्र शहाण्यासारखा बसून असे. घरात हवा दाबून भरलेली असल्यामुळे त्याला वर येता येत नसे. संशोधक त्या तोंडातून बाहेर उतरत, प्रवाळांची मोजमापे घेत आणि परतल्यावर कोरड्या खोलीत चहा पीत. त्या जड हवेत चहाला चव लागत नसे, शिट्टी वाजत नसे, आणि प्रत्येकाचा आवाज सर्दी झाल्यासारखा येई.

या हवेचा एक मोठा धोका होता. ती माणसाच्या अंगात मुरते. तसाच कुणी झटकन वर गेला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसावे तसे रक्त फसफसते आणि माणूस जिवानिशी जातो. म्हणून घरी निघायचे झाले की मला घट्ट लावून घेत. मग कोरड्या खोलीतला दाब हळूहळू उतरवत जवळजवळ एक अख्खा दिवस आत बसून राहत. अंगातली हवा निघून गेली की मगच वर होडीकडे जायचे. बाकीचे दरवाजे घरी जाताना उघडतात, मला मात्र लावावे लागे. एरवी आठवडेच्या आठवडे मी सताड उघडा.

घराची देखभाल तात्यांकडे होती. सारा जन्म पाण्यात गेलेला माणूस. सुरुवातीला ते रोज माझे रबर पुसत, त्याला ग्रीस लावत, "काय पहिलवान, बरं आहे ना?" असे विचारत. वरून पाहुणे आले की तात्या माझे तोंड भरून कौतुक करायचे. पाहुणे मात्र खिडकीतल्या माशांचे फोटो काढून जायचे. पुढे कामे वाढली आणि तात्यांचे फडके माझ्यापर्यंत येईनासे झाले. उघड्या दरवाजाच्या रबराला कोण विचारतो?

घरात प्रवाळताई होती. नाव दुसरेच होते, पण प्रवाळांशिवाय तिला काही सुचत नसे म्हणून सगळे तिला तसे म्हणत. पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडून मरतात. ती सारखी उठून ओल्या खोलीत तापमानाचा आकडा बघायला जाई. तिची ती ओढाताण तात्यांना बघवेना. "एवढ्यासाठी उठबस कशाला गं?" म्हणत त्यांनी यंत्राची वायर माझ्या चौकटीवरून आत, तिच्या बिछान्यापाशी नेली. दरवाजा लावायचा नव्हताच, मग अडचण कसली? पण वायर नेमकी रबरावर टेकली होती. येताजाता माणसांचे पाय तिच्यावर पडत आणि ती रबरात रुतत जाई. मला ते समजत होते, पण सांगणार कसे?

एका सकाळी ताईच्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईचं काही खरं नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलवून घ्यायला सांगितलंय. सारखी तुझी चौकशी करतेय."

तात्यांनी भराभर वायर ओढून काढली आणि मला लावले. ताईने भावाला फोन आईच्या कानाशी धरायला सांगितले. "आई, दार लावलं गं," ती म्हणाली. दर वेळी निघताना ती आईला हेच सांगायची, आणि मग आई तिची वाट बघू लागायची.

"लावलं? मग ये लवकर," आईचा आवाज आला.

दाबाचा काटा थोडा उतरला. मग अडला, आणि परत वर चढू लागला. माझ्या कडेतून शूऽऽ असा आवाज येत होता. ओल्या खोलीतली जड हवा आत घुसत होती. तात्यांनी चौकटीवरून बोट फिरवले. वायर जिथे होती तिथे रबरात खाच पडली होती. 

मला पुन्हा उघडावे लागले. ताईने ओल्या खोलीतल्या पाण्याकडे पाहिले. "मी अशीच जाते, तात्या. थोडंसंच तर पोहायचंय."

तात्या माझ्या चौकटीत आडवे उभे राहिले. "नाही."

"आईला काय सांगू आता? दार पुन्हा उघडलं म्हणून? बाजूला व्हा!"

"वायर मी टाकली, पोरी. शिव्या घाल, हवं तर मार मला. पण पाण्यात उतरू देणार नाही."

तिने त्यांच्या छातीवर मुठी मारल्या. ते हलले नाहीत. शेवटी ती खाली बसली आणि तिनेच फडके उचलले.

रबर जुने झाले होते, ओढले तर तुटायचे. तात्यांनी ते बोटाबोटाने सोडवले, चिरलेली बाजू आत जाईल असे उलटे केले आणि ग्रीस चोळून परत बसवले. ताई चौकटीची खाच पुसत होती. मला पुन्हा लावले तेव्हा दुपार उलटून गेली होती. या वेळी मी जीव खाऊन धरले. काटा उतरू लागला.

दुसऱ्या दिवशी तो तळाला टेकत आला असताना भावाचा फोन आला. "ताई... आई गेली गं."

सकाळचे ते तास वाया गेले नसते, तर ताई एव्हाना आईच्या उशाशी असती. हे ताईला कळत होते, तात्यांना कळत होते आणि मलाही. माझ्या थंड लोखंडावर कपाळ टेकून ती पोटभर रडली. मला फार वाईट वाटले. पण तिच्यासाठी घट्ट लागून राहण्याखेरीज मला काहीच करता येत नव्हते.

पुढच्या हंगामात ताई परत आली. तात्या मात्र वर होडीतच बसून राहिले. ताईने खालून फोन लावला.

"तात्या, खाली या."

"नको. त्या दारापुढे उभं राहवत नाही मला."

"वायरीमुळे मला उशीर झाला, ते काही मी विसरायची नाही," ताई म्हणाली. "पण माझ्या भावाला एकाच दिवशी दोघींना स्मशानात पोचवावं लागलं नाही, ते तुम्ही दारात उभे राहिलात म्हणून. या आता. रबर एकटीला बसवता येत नाही."

तात्या आले. नवे रबर दोघांनी मिळून बसवले, आणि मी निवृत्त होईपर्यंत त्यावर पुन्हा कधी कुणाची वायर पडली नाही.

मित्रांनो, तुमच्याही आसपास माझ्यासारखे काहीतरी असेल. आग लागली तरच उघडायचा इमारतीच्या जिन्यातला दरवाजा असेल, नाहीतर नावेत बाकाखाली पडलेली जास्तीची वल्ही. रोज लागत नाही म्हणून त्यावर सामान रचू नका. अधूनमधून पुसा, लावून-उघडून बघा. आपल्या माणसापर्यंत पोचायची घाई कुणाला कधी होईल, हे आधी कुणी कळवत नाही.