त्रेचाळीस ठिकाणी पिवळं

स्वतःचं पुस्तक स्वतः न वाचलेला लेखक तुम्ही कधी बघितलाय? मी बघितलाय. माझ्याच दुकानात, पंख्याखालच्या एकुलत्या एका धड खुर्चीवर बसून तो मला म्हणाला होता, "तुम्ही टायपिंगवाले सगळं वाचताच की. मला वेळ कुठे असतो?"

मी तेजश्री. बारामतीत कॉलेजच्या रस्त्याला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. राहते पणदऱ्याला, रोज स्कूटीवर येते-जाते. बारा वर्षांत दोन-अडीचशे प्रबंध या बोटांखालून गेलेत. निम्मे वाचायच्या लायकीचे नव्हते आणि उरलेल्यांतले निम्मे कुणाचे तरी उचललेले होते. पण आपण टाईप करायचं, बाइंडिंगला द्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हा या धंद्याचा नियम. तो मी एकदाच मोडला.

निरवांगीची प्रतिक्षा माझ्याकडं प्रबंधासाठी यायची. तिच्या घरी पूर्वी दोनशे मेंढरं होती, आता ऊस आणि मका. मेंढरं गेली, पण मेंढरांचे शब्द तिच्या आजोबांच्या तोंडात तसेच राहिले होते. कानाच्या ठेवणीला एक शब्द, अंगावरच्या ठिपक्याला दुसरा, पावसाळ्यात खूर सडतो त्याला तिसरा. चार वर्षं ही पोरगी वही घेऊन गेणूआबांच्या मागं फिरली. आबा गोठ्यात तर ही गोठ्यात, आबा पारावर तर ही पारावर. आबा म्हणायचे, "आगं, म्हाताऱ्याचं डोकं खाती का काय तू?" पण सांगायचे.

तिचे गाईड प्राध्यापक दादासाहेब. इंदापूरच्या पेठेत त्यांचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. मेंढरू सरांनी बघितलं असलंच तर रश्श्यात. पण कागदावर मेंढपाळांच्या बोलीचे ते तज्ज्ञ, आणि कागदाला काय, तो कुणालाही काहीही म्हणतो.

एका वर्षी दिवाळीनंतर प्रतिक्षा तणतणत दुकानात आली. सरांनी सांगितलं होतं, प्रबंधात 'माझे आजोबा' असं लिहायचं नसतं. ते शास्त्राला धरून नाही. 'माहितीदाता क्रमांक एक' असं लिहायचं.

"ताई, दोनशे दहा पानं हायती. कुठं कुठं आलंय, कसं शोधू?"

"शोधायचं कशाला? ते काम यंत्राचं," मी म्हणाले.

मी एक यादी करून ठेवली: माझे आजोबा, माझी आजी, आमची मेंढरं. एक बटण दाबलं की फाइलीत हे शब्द जिथं जिथं असतील तिथं आपोआप पिवळा रंग चढायचा. बटण दाबलं. पानं सरसर पळाली, पिवळी झाली आणि खाली आकडा आला, त्रेचाळीस.

प्रतिक्षा एकेक जागी जाऊन बदलायला बसली. तीन ठिकाणी बदललं आणि थांबली. "आबाला क्रमांक एक म्हणायला हात हुईना वं," ती म्हणाली. मग तिनं त्या तीनही जागा पहिल्यासारख्या केल्या, माझ्याकडून पिवळं काढून घेतलं आणि घरी गेली. तशी एक प्रत सरांकडं आधीच ईमेलनं गेलेली होतीच.

मार्चमध्ये सर आले. गळ्यात चष्मा, हातात पेनड्राइव्ह आणि अंगाला लग्नाला निघाल्यासारखा अत्तराचा घमघमाट.

"तेजश्री, माझं पुस्तक येतंय. 'मेंढवाड्याचं शब्दधन'. छपाईला अनुदान मिळायचंय, त्यासाठी परवा बाहेरून समिती येणार. पुस्तकाची फाइल पडद्यावर दाखवायची आहे. काय करायचं, मी खूण केली की महत्त्वाचे शब्द आपोआप पिवळे झाले पाहिजेत. कसं एकदम आधुनिक वाटेल!"

"कुठले शब्द, सर?"

सरांनी छताकडं बघितलं. "लिही. वारसा. अस्मिता. संचित." चौथा शब्द काही आठवेना. "आणि तुला महत्त्वाचे वाटतील ते टाक." आणि मग ते वाचायला वेळ नसल्याचं वाक्य. फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले आणि तिकडूनच गाडीत बसून निघून गेले.

मी फाइल उघडली. यंत्र नीट चालतंय का बघावं म्हणून बटण दाबलं. यादी जुनीच राहिलेली, ती बदलायचं माझ्या ध्यानातच नव्हतं. पानं सरसर पळाली, पिवळी झाली आणि खाली आकडा आला.

त्रेचाळीस.

मी चहाचा कप खाली ठेवला. वरखाली करून बघितलं. तेच गोठे, तोच पार, तेच सडलेले खूर. शब्द न शब्द प्रतिक्षाचा. सरांचं काय म्हणाल तर पहिली चार पानं प्रस्तावना. बाकी सगळं त्या मेहेरबानांनी जसंच्या तसं उचललेलं, आणि उचलताना एकदा नजरसुद्धा फिरवली नाही. अहो, चोरालासुद्धा घर माहीत असावं लागतं! मग सरांचे शब्द टाकून बघितले. 'वारसा' दोनदा, 'संचित' एकदा, तिन्ही प्रस्तावनेत. 'अस्मिता' सापडलीच नाही.

मी प्रतिक्षाला फोन लावला. काय सापडलं ते सगळं सांगितलं.

"ताई, चार महिन्यांनी प्रबंध जमा करायचाय. सही त्यांचीच लागती."

"अगं पण पुस्तक आधी आलं तर? तुझा प्रबंध तपासणीच्या यंत्रात घालतील आणि ते सांगेल की हिनं सरांच्या पुस्तकातून चोरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! चार वर्षं पाण्यात, आणि वर तूच चोर."

"मला कळतंय," ती म्हणाली. "पण त्यांच्या विरुद्ध गेले तर आत्ताच संपलं. तुमी तो पिवळा रंग काढा. वारसा-बिरसा काय म्हणत्यात ते करा."

मी बरं म्हणाले आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिले. एका बिचाऱ्यानं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली तर त्याला म्हणाले, तुमचंच आहे ना नक्की?

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतिक्षा स्वतःच दारात. निरवांगीहून एसटीनं आली होती, तोंड लालबुंद.

"सरांचा घरी फोन आलता. आबाला घेऊन ये म्हणले. फेटा बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून पहिल्या रांगेत बसवायचं. बोलायचं काही न्हाय, नुसतं बसायचं. घोंगडी नसली तर सर आणणार हायत." ती स्टुलावर बसली. "आबा खुश झालाय, ताई. सकाळपास्नं दाढी करून बसलाय. त्याला वाटतंय, नातीच्या कामाचा कार्यक्रम हाय."

मी तिच्यापुढं पाण्याची बाटली ठेवली.

"बाजारात बैल उभा करतात तसा माझा आबा उभा करणार हायत ती." तिनं डोळे पुसले. "ती जुनी यादी हाय का अजून?"

"आहे."

"मग तीच राहू द्या."

"आणि सही?"

"न्हाय दिली तर न्हाय दिली. जाईन ऊस लावायला."

मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं. मग मी सरांचे तीन शब्दही यादीत टाकले, म्हणजे काम सांगितल्याप्रमाणं झालं असतं. आणि आणखी महत्त्वाचे वाटतील ते टाक, असं सरांनीच मला सांगितलेलं होतं. महत्त्वाचे मला हेच वाटले.

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, कॉलेजच्या हॉलमध्ये होता. समितीत तिघं होते, त्यांच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम. पांढरे केस, साधी सुती साडी, हातात पेन्सिल. पहिल्या रांगेत गेणूआबा, शेजारी प्रतिक्षा. आबांच्या खांद्यावर सरांनी आणलेली घोंगडी, बाजारातली कोरी, कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच. मार्चचं ऊन, पंखे गरगरतायत आणि म्हातारा घामानं निथळतोय. तरी ऐटीत बसलेला. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन, कारण सरांना पान खाली सरकवताही येत नाही.

सर बोलायला उभे राहिले. पडद्याकडं पाठ, लोकांकडं तोंड.

"या शब्दांसाठी मी रानोमाळ भटकलो. काट्याकुट्यांत. उन्हातान्हात. मेंढपाळांची भाकरी खाल्ली, त्यांच्यासोबत उघड्यावर झोपलो." सरांच्या बुटांना इतकं पॉलिश होतं की त्यात पंखा दिसत होता. "आणि आता या पुस्तकाचा प्राण असलेले शब्द मी तुम्हाला दाखवतो. हं, तेजश्री."

मी मेंढरं विकल्याचं पान उघडलं आणि बटण दाबलं.

सगळा पडदा पिवळा झाला. सरांनी मागं वळून बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "हे जे पिवळे शब्द दिसताहेत ना," ते हात उंचावून म्हणाले, "यांतला एकेक शब्द माझ्या काळजाचा तुकडा आहे."

राजेश्वरी मॅडमनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचलं, "'मेंढरं विकली त्या दिवशी माझे आजोबा जेवले नाहीत.'" मग पुढचं. "'माझी आजी रिकाम्या मेंढवाड्यात झाडू घेऊन उभी राहिली.' सर, हे तुमचे आजोबा?"

सर वळले. एवढं मोठं तोंड इतक्या लवकर बारीक होतं हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"अं... ती, ती एक लेखनशैली आहे मॅडम. लेखक त्या समाजाशी इतका एकरूप होतो, की..."

"आन ते पिवळं काय लिवलंय गं?" आबांनी प्रतिक्षाला विचारलं. त्यांना वाचता येत नाही आणि हळू बोलणं म्हणजे काय हेही माहीत नाही. सगळा हॉल ऐकत होता.

"माझे आजोबा, असं लिवलंय. आबा, तुमाला म्हणत्यात ते."

"कोण म्हणतंय?"

"सर."

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांना खरंच कळत नव्हतं. कुणाला वाटेल म्हातारा नाटक करत होता. तसं मुळीच नव्हतं. ते सरांपुढं जाऊन उभे राहिले आणि सोयरीक जुळवताना विचारतात तसं विचारलं, "मास्तर, मला दोन ल्योक. थोरला निरवांगीत, धाकला बारामतीच्या एमआयडीसीत. तू त्यातल्या कुणाचा?"

मागच्या रांगेतली पोरं फसकन हसली. सर म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा. टायपिंगची चूक आहे ती." आणि माझ्याकडं असं बघितलं की मी जळून खाक व्हावं. मी काही झाले नाही.

"न्हाय, बसतू. पर मला येक सांग." आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि सरांच्या हातात दिली. "मेंढरं इकली त्या दिशी घरात पाच माणसं हुती. मी, माझी म्हातारी नकोशी, दोन ल्योक आन ही पोर. पाचीच्या पाची उपाशी. ही आठ वर्साची, ही बी जेवली न्हाय. तू कुठं बसला हुतास?"

सर त्या चिठ्ठीसकटच्या घोंगडीकडं बघत उभे. 'अस्मिता' शोधत असावेत.

राजेश्वरी मॅडम प्रतिक्षाकडं वळल्या. "तू कोण?"

"ह्यांची नात. आणि सरांची विद्यार्थिनी."

"यातलं तुझं किती आहे?"

मला वाटलं, आता ही रडणार. ती उभी राहिली, पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली आणि म्हणाली, "पहिली चार पानं सोडून सगळं. माझ्याकडं वह्या हायत, आबाच्या आवाजाची रेकॉर्डिंग हायत आणि सरांना पाठवलेल्या ईमेलच्या तारखा हायत."

"सगळं मला पाठव," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली.

अनुदान बुडालं, पुस्तक फाइलीतच राहिलं. सर दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्या अंगावर ओरडले, की तू माझा विश्वासघात केलास. मी म्हटलं, सर, तुम्ही म्हणालात महत्त्वाचे शब्द पिवळे कर, मी केले. तुम्ही फाइल एकदा वाचली असती तर पिवळं व्हायला तिथं काही राहिलंच नसतं. सर पेनड्राइव्ह उचलून तरातरा निघून गेले. उत्तर दिलं असतं तरी ते कुणाचं तरी उचललेलंच असतं.

प्रतिक्षाला गाईड बदलून मिळाला, पण फुकट नाही. चारच्या ठिकाणी सोळा महिने गेले आणि मधल्या काळात तिनं खरोखर ऊस लावला. नव्या गाईड बाईंनी विचारलं, 'माझे आजोबा' ठेवणार का? ती म्हणाली, ठेवणार.

जमा करायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली. छापण्याआधी मी एकदा बटण दाबलं. पानं सरसर पळाली आणि खाली आकडा आला, बेचाळीस. मी घाबरले, एक कुठं गेला म्हणून. तिनं मला ते पान काढून दाखवलं. मेंढरं विकल्याचं. तिथं तिनं 'माझे आजोबा जेवले नाहीत' खोडून लिहिलं होतं, 'आम्ही पाचही जण जेवलो नाही'.

मी पिवळं काढलं आणि छापायला घेतलं.